बागेची ओली कड सह्याद्रीच्या रानफुलांना द्या

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

दिवाळी जवळ आली की पुण्यातील सोसायट्यांमध्ये बागेची साफसफाई निघते. भिंतींची रंगरंगोटी, कुंड्यांना गेरू, दिव्यांच्या माळा हे सगळे ओघाने येतेच. पण याच दिवसांत पावसाळाभर वाढलेली, फुललेली आणि आता पिवळी पडू लागलेली उंच रानझाडे ‘वाळलेला कचरा’ ठरवून मुळासकट उपटली जातात आणि त्यांच्या जागी बारा महिने एकसारखी हिरवी राहणारी परदेशी झुडपे लावली जातात, याकडे आपल्या वाचकांचे लक्ष वेधावे म्हणून हे पत्र लिहीत आहे. माझे म्हणणे एवढेच आहे, की प्रत्येक आवारात एखादी तरी ओली, दमट कड असते; ती सह्याद्रीच्या बहुवर्षायू रानफुलांसाठी राखावी आणि या झाडांचे वर्षाचे वेळापत्रक समजून घेऊन ती सांभाळावी.

ही ओली कड कोठे असते, हे बागकाम करणाऱ्या कोणालाही सांगावे लागत नाही. गच्चीवरचे पाणी घेऊन येणारा पाइप जेथे जमिनीला टेकतो ती जागा, कंपाउंडच्या भिंतीलगतचा सखल पट्टा, उताराच्या पायथ्याची माती, धुण्याच्या नळाशेजारचा किंवा एसीचे पाणी ठिबकते तो कोपरा. तेथे गुलाब लावला तर मुळे कुजतात, हिरवळ लावली तर शेवाळ धरते. मग माळी जमिनीवर पसरणारी वेडेलिया आणून टाकतो, कारण तिचा तुकडा पडला तरी मूळ धरतो आणि दोन पावसांत सगळी माती झाकली जाते. ही वेडेलिया मूळची अमेरिका खंडातली असून आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संस्थेच्या तज्ज्ञगटाने केलेल्या जगातील १०० अत्यंत उपद्रवी आक्रमक प्रजातींच्या यादीत ती आपल्या परिचयाच्या घाणेरीसोबत आहे. शहराच्या नाल्याकाठी आणि ओढ्यांच्या कडेला ती कशी पसरत चालली आहे, हे कोणीही जाऊन पाहावे. ओल्या जागी नेहमी लावली जाणारी हेलिकोनिया, स्पायडर लिली आणि कर्दळ ही मंडळीही अमेरिका खंडातलीच. त्यांच्यावर माझा राग नाही. हेलिकोनियावर शिंजीर येतो आणि कर्दळ तर आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या परसात आहे. पण त्यांच्यासाठी सगळी ओली जागा संपून जावी आणि घाटापलीकडे ओढ्याकाठी आपोआप उगवणाऱ्या झाडांना एक हातभरही जागा मिळू नये, हे मला मान्य नाही.

या झाडांमध्ये पहिला मान पेवाचा. कोकणात मृगाचा पाऊस स्थिरावला की रस्त्याच्या कडेला, बांधाखाली, राईच्या सावलीत पेवाचे कोंब वर येतात आणि श्रावणापर्यंत माणसाच्या उंचीच्या वर जातात. दांडा सरळ वाढत नाही, किंचित वळत जातो, आणि त्याच्याभोवती पाने गोल जिन्याच्या पायऱ्यांसारखी फिरत वर चढतात. शेंड्याला गडद लाल रंगाच्या छदांचे, म्हणजे फुलांना तळाशी वेढणाऱ्या पानांसारख्या भागांचे, कणीस येते आणि त्यातून रोज एक-दोन पांढरी शुभ्र फुले उमलतात. फुलाची पाकळी तलम कागदासारखी चुरगळलेली असते, मध्यभागी पिवळी झाक असते, आणि सकाळी काळा भुंगा तिच्यात असा शिरतो की त्याची पाठ परागांनी माखून निघते. एक फूल एका दिवसापुरते असते, संध्याकाळी ते मलूल होऊन लोंबू लागते. पण छदांचा लाल रंग मात्र कित्येक आठवडे टिकतो, आणि पुढे लाल फळे उकलून त्यांतून पांढऱ्या गरात बसलेले काळे बी दिसू लागते तेव्हा बुलबुलांची ये-जा सुरू होते. वनस्पतिशास्त्राच्या पुस्तकांत हे झाड पूर्वी कॉस्टस स्पेसिओसस या नावाने असे. आता त्याचे नाव हेलेनिया स्पेसिओसा असे झाले आहे. रोपवाटिकेत विचारणा करताना दोन्ही नावे सांगितलेली बरी.

पेव लावायला सोपे आहे. मे महिन्याच्या अखेरीस किंवा पहिल्या पावसाच्या सुमारास जुन्या झाडाचे कंद विभागून, प्रत्येक तुकड्यावर एखादा डोळा राहील असे पाहून, चार बोटे खोल आणि दोन-अडीच फुटांच्या अंतराने लावावेत. कंद मिळाले नाहीत तर फुलून गेलेल्या दांड्याचे दोन-तीन पेरांचे तुकडे करून ते सावलीत ओल्या वाळूवर आडवे ठेवले तरी पेरांतून रोपे निघतात. सकाळचे ऊन आणि दुपारची सावली मिळेल अशी जागा त्याला सर्वांत मानवते. दाट सावलीत पेव उजेडाकडे झुकून आडवे होते आणि फुलत नाही. तर भर उन्हात पानांच्या कडा करपतात. कोकणात वर्षाला २,५०० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि पुण्यात जेमतेम ७०० ते ७५०, ही तफावत मात्र ध्यानात ठेवली पाहिजे. पुण्यात पेव हवे असेल तर ते पाइपाच्या किंवा नळाच्या ओलीवरच लावावे आणि पावसाने ताण दिला तर पाणी द्यावे.

पेवाच्या शेजारी भारंगी शोभते. कोकणातल्या आणि मावळातल्या घरांमध्ये भारंगी भाजी म्हणून अधिक ओळखीची आहे. कोवळी पाने आणि फुले उकडून, कडू पाणी पिळून टाकून तिची भाजी करतात. पण शोभेचे झाड म्हणून तिच्याकडे कोणी पाहत नाही, याचे मला फार वाईट वाटते. चार ते सहा फुटांच्या ताठ दांड्यांवर करवतीसारख्या दातेरी कडांची रुंद पाने, आणि शेंड्याला फुलांचा मोठा तुरा. प्रत्येक फुलाच्या चार पाकळ्या फिकट निळ्या आणि पाचवी, खाली झुकलेली, गडद निळी-जांभळी. त्यांच्यावरून केसर बाकदार होऊन बाहेर आलेले. ज्या बागेत निळा रंग हवा म्हणून लोक महागडी विदेशी रोपे आणून दोन महिन्यांत गमावतात, त्या बागेत भारंगी वर्षानुवर्षे राहील. तिला ओल हवी, पण पाण्यात उभे राहणे तिला सोसत नाही. म्हणून ओल्या पट्ट्याच्या वरच्या अंगाला, थोड्या उंचवट्यावर तिची जागा धरावी.

पुढच्या रांगेत रानहळद लावावी, काही भागांत तिला शिंदळवणी म्हणतात. उंचीने ती गुडघ्याच्या थोडी वर जाते, तेव्हा तिला उंच झाड म्हणता येणार नाही. परंतु पेव-भारंगीच्या बुंध्याशी मोकळी राहणारी जागा तिच्याइतकी कोणी भरून काढत नाही. गुलाबी-जांभळ्या छदांचा शेंडा आणि त्याच्या खालच्या कप्प्यांतून डोकावणारी पिवळी फुले हे रूप आपल्या भारतीय द्वीपकल्पाबाहेर नैसर्गिकरीत्या कोठेही आढळत नाही. हळदीच्या कुळातील झाडांच्या पानांची गुंडाळी करून तिच्यात राहणारी ग्रास डेमन नावाच्या फुलपाखराची अळी दिसली तर फवारणी करू नये. ती दोन-चार पाने खाईल, झाडाचे काही बिघडत नाही.

कांदावर्गातील गडांबी कांदाही या कडेला उत्तम. पावसाच्या सुरुवातीलाच पांढऱ्या, मधोमध गुलाबी रेघ असलेल्या, सुवासिक फुलांचा दांडा वर येतो. कांद्याची मान मातीच्या वर राहील अशा बेताने तो लावला आणि पुन:पुन्हा हलवला नाही, तर तो एकाच जागी वर्षानुवर्षे फुलत राहतो. याचे बी मांसल असते, ते वाळवून साठवता येत नाही. फळ फुटले की लगेच मातीवर ठेवावे, ते आपणहून रुजते. काळ्या अंगावर पांढरे आणि तांबडे ठिपके असलेल्या अळ्यांचा थवा या कांद्याची पाने कधी कधी एका आठवड्यात फस्त करतो. त्या लिली पतंगाच्या अळ्या आहेत. हाताने वेचून काढल्या तरी पुरे होते, आणि वेचल्या नाहीत तरी कांद्यातून पुन्हा पाने येतात.

कळलावीविषयी मात्र सावधगिरीने लिहिले पाहिजे. पानांच्या टोकांच्या ताणांनी पकडत पेवाच्या किंवा भारंगीच्या दांड्यांवरून वर चढणारी, पिवळ्यापासून लालभडक होत जाणाऱ्या नागमोडी पाकळ्यांची ही वेल गणपतीच्या दिवसांत फुललेली असली म्हणजे दुसऱ्या कशाकडे लक्ष जात नाही. परंतु तिच्या सर्व भागांत, आणि विशेषत: कंदात, कोल्चिसीन हे तीव्र विष असते. लहान मुले किंवा गुरे येतात अशा आवारात, शाळेत आणि भाजीच्या वाफ्याजवळ ती लावूच नये. जेथे लावायची तेथे ठळक पाटी असावी आणि कंद हाताळल्यावर हात साबणाने धुवावेत. तिच्या दुबेळक्या कंदाच्या प्रत्येक टोकाला एकच कोंब असतो. तो मोडला तर त्या टोकातून वेल येत नाही. म्हणून हा कंद अतिशय हलक्या हाताने आडवा ठेवावा लागतो.

आता ज्या मुद्द्यावर बहुतेक प्रयत्न फसतात, तो थोड्या विस्ताराने मांडते. ओली जागा म्हणजे नेमकी कोणत्या काळात ओली, हे पाहिल्याशिवाय झाड निवडू नये. सह्याद्रीतील जमीन जूनपासून ‘हत्तीच्या’ पावसापर्यंत भिजलेली असते आणि नंतरचे सात-आठ महिने वाळत जाते. रानहळद, कळलावी आणि गडांबी कांदा यांनी आपले सगळे आयुष्य या चक्राला जुळवून घेतले आहे. पाऊस सरला की पाने पिवळी होतात, वरचा भाग वाळून जातो आणि अन्नाचा साठा जमिनीखाली राहतो. या निद्रेच्या काळात त्यांच्यावर रोज नळीने पाणी मारले तर कंद कुजतात. म्हणून भिंतीलगतचा जो पट्टा फक्त पावसाळ्यात ओला असतो, तो त्यांचा. नळाजवळची किंवा एसीच्या पाण्याची जागा बारमाही ओली असते; तेथे पेव, गडांबी कांद्याचाच भाऊबंद असलेला नागदवणा आणि मागच्या बाजूला वाळा लावावा. वाळ्याची मुळे खूप खोल जातात आणि उताराची माती धरून ठेवतात, ही त्याची जादा कमाई. मात्र पाणी शुद्ध करणाऱ्या आरओ यंत्रातून बाहेर टाकले जाणारे खारट पाणी एकाच जागी सतत सोडू नये. त्यातील क्षार मातीत साठत जातात.

मातीचेही तसेच आहे. पुण्यातली काळी माती पावसाळ्यात चिकट होऊन पाणी धरून ठेवते आणि उन्हाळ्यात भेगाळते, त्यामुळे ती जशी आहे तशी कंदांना मानवत नाही. तिच्यात मुरूम किंवा जाड वाळू आणि भरपूर कुजलेला पालापाचोळा मिसळावा आणि वाफा वीतभर उचलून घ्यावा. रासायनिक खतांची यांतील एकाही झाडाला गरज नाही. नत्र जास्त झाले की पेवाची नुसती पाने माजतात आणि दांडे कोलमडतात. झाडांचीच वाळलेली पाने तोडून त्यांच्याच बुंध्याशी पसरणे, एवढे खत पुरते. बागेतला पालापाचोळा गोळा करून जाळण्याची किंवा कचरागाडीत देण्याची पद्धत अजून अनेक ठिकाणी चालू आहे, ती याच कारणासाठी ताबडतोब थांबली पाहिजे.

अडचण आहे ती निद्रेच्या महिन्यांची. आमच्या सोसायटीत मागच्या भिंतीलगत चांगली स्थिरावलेली रानहळद एका हिवाळ्यात बागेच्या ठेकेदाराच्या माणसांनी खणून काढली, कारण वर एकही पान नव्हते आणि त्यांना ती जागा रिकामी वाटली. त्यांचा दोष मी फारसा मानत नाही. बाग बारा महिने हिरवी दिसली पाहिजे, अशी अट त्यांच्या करारातच असते, आणि ती अट घालणारे आपणच असतो. निसर्गात जे झाड आठ महिने जमिनीखाली राहते त्याला या अटीत बसवताच येत नाही. म्हणून अट बदलावी: पावसाळी कडेसाठी करारात वेगळे कलम असावे, तेथे नोव्हेंबर ते मे खणती करू नये, बी पक्व होऊन पडेपर्यंत ग्रासकटर फिरवू नये आणि कंदांच्या जागेवर बांबूच्या खुंट्या किंवा चुना लावलेले दगड ठेवावेत. हिवाळ्यात माती उघडी दिसते अशी तक्रार असेल तर बारमाही ओल्या भागात वेडेलियाऐवजी ब्राह्मी आणि कारिवणा पसरू द्यावा. ब्राह्मीची लहान, फिकट जांभळट-पांढरी फुले फारशी भडक नसतात, परंतु ती जमीन झाकते, पायाखाली तुडवली गेली तरी सावरते आणि ती येथलीच आहे.

उंच झाडे लावली की साप येतात आणि ओल राहिली की डास होतात, अशी दोन भये सर्वसाधारण सभेत हमखास व्यक्त होतात. डासांना अंडी घालण्यासाठी साचलेले पाणी लागते, ओली माती पुरत नाही. अंड्यापासून डास होईपर्यंत साधारण आठवडाभर ते पाणी टिकावे लागते. वाफ्यातील पाणी एका-दोन दिवसांत जिरत असेल तर तेथे डास वाढत नाहीत, ते वाढतात कुंड्यांखालच्या बशांत आणि गच्चीवरच्या भंगारात. साप येतात ते उंदरांमागे, आणि उंदीर येतात उघड्या कचऱ्यामागे. तरीही येण्या-जाण्याच्या वाटेपासून दोन-तीन फुटांचा पट्टा मोकळा आणि कापलेला ठेवावा, हे सांगणे रास्त आहे. मुलांच्या खेळाच्या जागेला लागून अशी कड करूच नये.

या पत्राचा परिणाम म्हणून कोणी कुदळ घेऊन ताम्हिणीला किंवा महाबळेश्वरला गेले तर ते माझ्या हेतूच्या अगदी विरुद्ध होईल. कंद आणि कांदे जंगलातून उकरून आणू नयेत. गडांबी कांद्याच्याच कुळातील क्रायनम वूड्रोवी ही जात महाबळेश्वर परिसरात थोड्याशा जागेतच आढळते. अशा झाडाचे पाच-दहा कांदे उचलले गेले तरी होणारी हानी भरून निघत नाही. त्याचप्रमाणे उंच घाटमाथ्यावरची रानतंबाखू, जिचे दांडे दीड पुरुष उंच होतात, ती पुण्या-मुंबईच्या उष्ण हवेत आणण्याचा हट्टही धरू नये. ती पाचगणी-महाबळेश्वरच्या बागवाल्यांनी जरूर लावावी. बाकीच्यांनी बियांपासून किंवा बागेतल्याच झाडांच्या विभागणीतून रोपे करावीत. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाच्या लीड बोटॅनिकल गार्डनने पश्चिम घाटातील प्रदेशनिष्ठ वनस्पतींच्या जतनाचे काम केले आहे; असे ज्ञान आपल्या राज्यात आहे, ते साध्या रोपवाटिकांपर्यंत उतरत नाही, ही उणीव आहे.

येथे महापालिका आणि नगरपालिकांचे काम सुरू होते. २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार प्रत्येक स्थानिक संस्थेने जैवविविधता व्यवस्थापन समिती नेमायची असते आणि लोकजैवविविधता नोंदवही तयार करायची असते. नोंदवहीत ज्या झाडांची नावे लिहिली जातात, त्यांतील ओल्या जागेची पाच-सहा झाडे उद्यान विभागाच्या रोपवाटिकेत वाढवून सार्वजनिक बागांच्या ओल्या कडेला लावावीत आणि उरलेली रोपे माफक दरात नागरिकांना द्यावीत, एवढी मागणी मोठी नाही. सुशोभीकरणाच्या निविदांमध्ये झाडांची जी यादी जोडली जाते तिच्यातून वेडेलिया कायमची वगळावी, ही दुसरी मागणी. खासगी रोपवाटिकांनी आपल्या रोपांवर ‘रोपवाटिकेत वाढवलेले’ अशी चिठ्ठी लावावी आणि ग्राहकांनी ती मागून घ्यावी.

आणखी एक गोष्ट सुचवायची आहे. पुण्यात एम्प्रेस गार्डनमध्ये दरवर्षी जानेवारीत पुष्पप्रदर्शन भरते आणि त्याला मोठी गर्दी होते. मीही आवर्जून जाते. पण जानेवारीत पेव, रानहळद आणि कळलावी जमिनीखाली असतात, त्यामुळे प्रदर्शनातून प्रेरणा घेऊन बाग करणाऱ्या हजारो लोकांना ही फुले कधी दिसतच नाहीत. हिवाळ्यात फुलणाऱ्या विदेशी हंगामी फुलांचीच बाग असते, असा समज त्यातूनच पक्का होत गेला आहे. शहरातील बागप्रेमी संस्थांनी श्रावणात, ऑगस्टच्या दुसऱ्या पंधरवड्यात, फक्त येथील पावसाळी फुलांचे एक छोटे प्रदर्शन भरवावे. जंगलातून तोडलेले एकही फूल त्यात नसावे. घरच्या, शाळेच्या आणि सोसायटीच्या बागेत वाढलेलेच स्वीकारावे, आणि प्रत्येक झाडासोबत ते कोठून मिळवले याची नोंद मागावी. आपल्या दैनिकाने या कल्पनेला पाठिंबा दिल्यास ती लवकर मार्गी लागेल. कोणी संस्था पुढे आली तर येत्या मे महिन्यात आमच्याकडील पेवाच्या कंदांची विभागणी करून ते विनामूल्य देण्याची माझी तयारी आहे.

आपली विश्वासू,
एक वाचक, पुणे